आवर्ती विचार

दाढी रोज, नखे आठवड्याला, एकादशी पंधरवड्याला, केस महिन्याला, दिवाळी वर्षाला, आणि चंद्रसूर्याचा हिशेब जुळेना की साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना, तो जावयासाठी. कोणती गोष्ट किती दिवसांनी करावी, याचे आपल्याकडे पक्के नियम आहेत. पण माणसाने आपला विचार चारचौघांपुढे किती दिवसांनी मांडावा, याविषयी मात्र धर्मशास्त्र, आयुर्वेद आणि बँकेची परिपत्रके तिन्ही मूग गिळून बसली आहेत. हा प्रश्न मला कधी पडला नसता. कारण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विचार करणे हा आमच्या अभ्यासक्रमाचा भाग नव्हता. पण मांडवगण फराट्याच्या शाखेत माझी बदली झाली आणि साहेबांनी माझ्या हातात खडू दिला.

आमच्या शाखेच्या दाराशी, पासबुक छापणाऱ्या यंत्राच्या शेजारी, एक फळा आहे. वर पांढऱ्या रंगात कायमचे लिहिलेले आहे, ‘आजचा विचार’. मी रुजू झालो तेव्हा त्याखाली ‘वाणी गोड ठेवावी’ असे होते. हा आजचा विचार गेले सात महिने आजचा होता. सात महिन्यांत गिऱ्हाइकांचा असा समज झाला होता की हा विचार नसून बँकेचा नियम आहे, आणि तो काउंटरच्या आतल्या लोकांसाठी आहे. एक आजी तर रोखपालाशी भांडताना थेट फळ्याकडे बोट दाखवायच्या.

साहेब म्हणाले, “तुम्ही लिहिता-बिहिता म्हणे. आजपासून फळा तुमच्याकडे. रोज नवा विचार हवा.”

मी म्हणालो, “रोज?”

“मग? वर ‘आजचा’ लिहिलंय. ‘अधूनमधूनचा’ नाही लिहिलेलं.”

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. मी कामाला लागलो.

पहिले अकरा दिवस फार बहारीचे गेले. मी माझे स्वतःचे विचार लिहिले. बाराव्या दिवशी सकाळी खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहिलो, तेव्हा लक्षात आले की गोदाम रिकामे आहे. उभ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझी विचारांची एकूण आवक अकरा नग होती, आणि ती मी पंधरवड्याच्या आत उडवून बसलो होतो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यांतल्या किमान शिलकीवर लक्ष ठेवले, त्याच्या स्वतःच्या खात्याची ही अवस्था!

घरी ही गोष्ट बोललो. आमच्या सौभाग्यवती भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, त्यात काय एवढं? मी रोज दोन वेळा स्वयंपाक करते तो काय मला रोज नवीन भाजी सुचते म्हणून?”

मी म्हणालो, “तसं नव्हे, विचाराची गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी? काल मेथी होती, आज मेथीच आहे. सुचलं नाही म्हणून चूल पेटवलीच नाही, असं केलं तर चालेल का तुम्हाला?”

मी गप्प मेथी खाल्ली. पण तिच्या बोलण्यात जे होते ते मला तेव्हा पुरते कळले नाही. मला फक्त एवढेच कळले, की शिळे चालते. दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून जाड पुठ्ठ्याचा एक सुविचारसंग्रह आणवला आणि रोज सकाळी त्यातले एक वाक्य फळ्यावर उतरवू लागलो. वाचायचेसुद्धा नाही. बोट ठेवायचे, जे येईल ते लिहायचे. पहाटे साडेपाचला मोबाइलवर ‘शुभ सकाळ’ पाठवणाऱ्या मंडळींचे रहस्य मला तेव्हा उलगडले. त्यांच्या घरीही असाच पुठ्ठा असावा.

एकीकडे हे चालू असताना माझ्या मनाला मात्र रुखरुख होती. म्हणून मी वाचनालयाची पुस्तके चाळायला घेतली. म्हटले, आपल्या आधी ज्यांनी हा उद्योग केला त्यांनी काय केले ते तरी पाहावे.

तर मराठी वर्तमानपत्रांचे मूळपुरुष बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी ऐन विशीत, ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले. ते सुरुवातीला पाक्षिक होते. चारच महिन्यांत, मे महिन्यात, ते साप्ताहिक झाले. एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी, म्हणजे एका खेपेला दुप्पट काम! ‘दर्पण’ १८४० साली थांबले, आणि त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. पंधरवडा, आठवडा आणि महिना अशी तिन्ही मापे एकाच माणसाने वापरून पाहिली. शिंपी जसा बाही वरखाली करून पाहतो तसे.

मग विष्णुशास्त्री चिपळूणकर. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली ती सरकारी शाळेतली मास्तरकी सांभाळून. ही नोकरी त्यांनी सोडली १८७९ साली. सात वर्षांत ८४ अंक काढले. बाराने भागून पाहा, बाकी उरत नाही. माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाचे डोळे असला ताळा पाहून पाणावतात. पुढे ४ जानेवारी १८८१ ला ‘केसरी’ निघाला. त्या दिवशी मंगळवार होता, आणि मंगळवार म्हणजे ‘केसरी’ हे समीकरण महाराष्ट्राच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या बसले. तो १९२९ साली आठवड्यातून दोनदा निघू लागला आणि १९६२ साली दैनिक झाला. माणसाचे वय वाढते तसे बोलणे वाढते, हे वर्तमानपत्रांनाही लागू असावे.

उलट बाजूलाही थोर माणसे आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला, आणि वर्षातून एकदाच बोलायची प्रथा आपल्याकडे पडली. १९५१ पासूनचा ‘आवाज’ पाहा. नाव ‘आवाज’, पण करणार वर्षातून एकदा, आणि तोही हसवण्यासाठी. साठीच्या दशकात काही तरुण लेखकांनी तर वेळापत्रकच फेकून दिले आणि ‘अनियतकालिक’ हा शब्द रूढ केला. म्हणजे अंक निघेल तेव्हा निघेल. अशोक शहाण्यांच्या अनियतकालिकाचे नाव होते ‘असो’. मी हे साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले, “आपल्या शाखेत रजेचा अर्जसुद्धा नियतकालिक असतो. असो.”

बँकेत राहून माणसाला प्रत्येक गोष्टीचे खाते उघडायची सवय लागते. मी लेखकांचीही खाती पाडली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. हे चालू खाते, दिवसभर उलाढाल. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह आला १९७७ साली, आणि पुढचे आले २००३ च्या सुमारास. ही मुदत ठेव, मुदतपूर्व मोडायची नाही. ‘निबंधमाला’ आणि ‘केसरी’ म्हणजे आवर्ती ठेव, ठरल्या तारखेला ठरलेला हप्ता. आणि मी? मी किमान शिल्लक नसलेले बचत खाते. पासबुक मात्र रोज छापून घेणारा.

आता तुम्ही म्हणाल, यात नीतीचा प्रश्न कुठे आला? मलाही असेच वाटत होते. लिहिले तर लिहिले, न लिहिले तर न लिहिले. फळ्याने कोणाचे काय बिघडते?

त्या वर्षी कांद्याचा भाव पडला होता. आमचा हा भाग उसाचा. भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड, आणि दोन्ही काठांना ऊस. पण उसाचे पैसे हाती यायला वेळ लागतो, म्हणून मधल्या खर्चाला लोक कांदा लावतात. तो कांदा बाजारात नेण्याचे भाडे कांद्याच्या पट्टीतून सुटेना. अशा एका सकाळी मी पुठ्ठ्यात बोट घातले आणि जे आले ते उतरवले, ‘वेळेवर कर्ज फेडतो तोच खरा स्वाभिमानी.’ आणि आत जाऊन चहा प्यायलो.

साडेदहाच्या सुमाराला एक शेतकरी दारात आला. तोंडओळखीचा होता. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते. तो फळ्यासमोर थांबला. ओठ हलवत हळूहळू वाचले. पुन्हा एकदा वाचले. आणि पिशवी घडी करून काखेत घालून परत फिरला. मी काउंटरवरून पाहिले. मला वाटले, काही विसरला असेल. रांग मोठी होती. मी पुढचे पासबुक घेतले.

दोन दिवसांनी तात्या आले. तात्या म्हणजे आमच्या फळ्याचे वाचक. वय सत्तरीच्या पुढे, बँकेत काम महिन्यातून एकदा, पण फेरी रोज. दारात उभे राहून विचार मोठ्याने वाचायचे, मला म्हणायचे, “आज बरा हाय,” किंवा “आज कायबी दम न्हाय,” आणि निघून जायचे. संध्याकाळी पारावर तो विचार म्हणून दाखवायचे, हे मला नंतर कळले.

त्या दिवशी तात्या काउंटरपाशी आले आणि आवाज खाली करून म्हणाले, “भाऊसाहेब, परवाचं ते फळ्यावरचं तुमी सोताच्या मनानं लिवलं का कुणी लिवाया सांगितलं?”

मी म्हणालो, “पुस्तकातलं होतं, तात्या. का हो?”

“न्हाय, तो आला हुता मुदत वाढवून मागायला. घरातनं दोन दिस मनाची तयारी करून आला हुता. फळा वाचला आन्‌ माघारी गेला. म्हनला, साहेबांनी दारातच उत्तर लिवून ठेवलंय.”

मला काय बोलावे ते सुचेना. मी म्हणालो, “अहो, मी ते वाचलंसुद्धा नव्हतं.”

तात्या माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तुमी न वाचता लिवलं, आन्‌ त्यानं दोनदा वाचलं.”

रागावून बोलले असते तर बरे झाले असते. ते काही रागावले नव्हते.

त्या दिवशी मी फळा पुसला तो पुसलाच. मनाशी ठरवले की ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही त्याने बोलू नये. हे तत्त्व मला एकदम उदात्त वाटू लागले. मौनाला आपल्याकडे मोठा मान आहे, शिवाय त्याला खडू लागत नाही. साहेबांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, “फळ्याला विश्रांती दिली आहे.” दहा दिवस फळा कोरा राहिला. वर ‘आजचा विचार’ आणि खाली काळाभोर शून्य. एका कॉलेजातल्या मुलाने त्यालाच विचार समजून फोटो काढला.

अकराव्या दिवशी तात्या पुन्हा काउंटरशी. “भाऊसाहेब, फळा का मुका?”

“काही सुचत नाही, तात्या. आणि मागच्यासारखं व्हायला नको.”

“मग मी रोज हितवर येतो ते कशाला?”

मी म्हणालो, “तुम्ही फळ्यासाठी येता?”

“तर! सांच्याला पारावर चार म्हातारी वाट बघत्यात, आज काय लिवलंय म्हनून. दहा दिस झालं, मी नुसता हात हालवत जातोय. काल एक जन म्हनला, तात्याला आता दिसना वाटतं.”

आता मात्र माझी पंचाईत झाली. लिहिले तर एक जण दारातून परत जातो, न लिहिले तर दुसरा पारावर तोंडघशी पडतो. मला आमच्या घरची मेथी आठवली. चूल रोज पेटते ती स्वयंपाकिणीला रोज काही नवीन सुचते म्हणून नव्हे. कोणी तरी ताटावर बसणार असते म्हणून. पण म्हणून कोणी डोळे मिटून डब्यात हात घालून येईल ते फोडणीत टाकत नाही. मेथी शिळी नव्हती, ती रोज निवडलेली होती. मी फक्त ‘रोज’ घेतले होते, ‘निवडणे’ सोडून दिले होते.

मग डॉ. आंबेडकरांचे वाचलेले आठवले. ‘मूकनायक’ त्यांनी ३१ जानेवारी १९२० ला काढले आणि ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ ला. दोन्ही पाक्षिके. ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस चोवीस रकाने त्यांना एकट्याने भरावे लागत, तेही पोटापाण्याचा उद्योग सांभाळून. पंधरवडा उलटला की रकाने रिकामे समोर उभे. पण त्यांना ‘आज काय लिहू’ हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. ज्यांना हजारो वर्षे कोणी बोलू दिले नाही, त्यांच्या वतीने बोलणारा ठरल्या दिवशी गप्प राहिला तर ते मौन उदात्त ठरत नाही. पत्र १९२९ साली थांबले, पण चालले तोवर तारखेमागे माणसे होती. माझ्या तारखेमागे पुठ्ठा होता. फरक रोज लिहावे की पंधरा दिवसांनी, हा नव्हताच.

मी तात्यांनाच विचारले, “तात्या, तुम्हीच सांगा, किती दिवसांनी लिहू?”

तात्या बाकावर बसले. असल्या प्रश्नाला उभ्याने उत्तर द्यायची पद्धत नाही.

“आमच्याकडं लाईटीची पाळी असती, ठावं हाय न्हवं? मोटारीला आठ तास लाईट. काही दिस रातची, काही दिस दिसाची. रातच्याला बिबट्याच्या भ्यानं कुनी उसात जात न्हाय, म्हनून पोरांनी मोटारीला आटो बसवलाय. लाईट आली की मोटार आपसूक चालू. रान भिजलेलं असू द्या न्हायतर सुकलेलं, पानी चालूच. काळं रान हाय आमचं. लई पानी झालं की मीठ वर येतं आन्‌ रान चोपन हुतं. मग बसा बोंबलत.”

“म्हणजे मी आटो बसवला होता.”

“ते तुमचं तुमी बगा. पन आमचा बा काय करायचा, रानात जाऊन माती मुठीत दाबून बगायचा. वाफसा हाय का न्हाय. चिखल असंल तर पाय ठेवायचा न्हाय. भुगा झाला असंल तर एक दिसबी थांबायचा न्हाय.”

“मग पाळी नकोच म्हणता?”

“असं कसं? पाळी नसंल तर मानूस रानात जाईल कशाला? पाळी हाय म्हनून आठ दिसानं जातोच. गेल्यावर माती बगायची, मग ठरवायचं.”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. वाफसा म्हणजे जमिनीची ती अवस्था, जेव्हा ती ना चिखल असते ना कोरडी ठक्क. आत ओल असते आणि हवाही असते. पेरायची ती वेळ. हा शब्द शहरात कोणाला लागत नाही, कारण कुंडीला वाफसा येत नाही. मला मात्र तो आमच्या सगळ्या परिपत्रकांहून नेमका वाटला.

शेवटी मी आवर्ती ठेवीचा नियम लावला. आम्ही गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो की हप्ता झेपेल तेवढाच धरा. उत्साहाच्या भरात लोक पाच हजारांचा धरतात आणि चौथ्या महिन्यापासून दंड भरतात. पाचशेचा धरून पुरा करणारा शहाणा. मी रोजचा हप्ता धरला होता, झेपणारा होता आठवड्याचा. साहेबांना जाऊन सांगितले. साहेब म्हणाले, “आणि ‘आजचा’चं काय?” मी पांढरा रंग आणून ‘आजचा’ खोडले आणि ‘बाजारचा’ लिहिले. आठवड्याच्या बाजारादिवशी गाव भरलेले असते, वाचणारेही जास्त. साहेबांनी जरा वेळ पाहिले आणि म्हणाले, “विचार बाजारात आणलात तर!” ही त्यांची वर्षातली एकुलती एक कोटी. तेही एक वार्षिकच.

त्या शेतकऱ्याचेही सांगायला हवे. तात्यांनाच मी त्याला घेऊन यायला सांगितले. तो आला, तीच पिशवी घेऊन. मुदतवाढीचा अर्ज मी स्वतः भरून दिला. त्यात मी काही उपकार केला नाही. तो त्याचा हक्क होता आणि माझे काम. फळ्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. माफी मागायला हवी होती असे मला अजून वाटते, पण रांगेत पाच माणसे उभी होती आणि त्यांच्यासमोर त्याच्या कर्जाची गोष्ट काढणे म्हणजे पुन्हा एकदा फळ्यावर लिहिण्यासारखे झाले असते. जाताना तो फळ्यापाशी थांबला. बाजार दोन दिवसांवर होता, फळ्यावर अजून काही नव्हते. तो गेला.

आता बाजाराच्या आदल्या रात्री मी जेवण झाल्यावर थोडा वेळ बसतो. पुठ्ठ्याचे पुस्तक मी एका सहकाऱ्याला त्याच्या बढतीनिमित्त भेट दिले. त्याला आता त्याच्या शाखेत फळा मिळाला आहे, असे ऐकतो. मी मात्र आठवड्यात जे पाहिले, ऐकले, ते मुठीत दाबून बघतो. एखादी गोष्ट असते, बहुतेक वेळा अगदी लहान. कधी ‘सही करताना घाई नको, काय लिहिले आहे ते विचारा,’ एवढेच. एकदा ‘मशीन बंद आहे, यात तुमची चूक नाही,’ असे लिहिले होते. त्या दिवशी मशीन खरेच बंद होते आणि बऱ्याच लोकांना ते आपल्याच कार्डामुळे झाले असे वाटत होते. पारावर तो विचार फार गाजला म्हणे. लिहिण्याआधी मात्र एक नेम पाळतो. दारात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या जागी उभा राहून वाक्य दोनदा वाचतो. तो दोनदा वाचतो, तर मला दोनदा वाचायला काय होते!

गेल्या बाजाराला मात्र खरेच काही नव्हते. आठवडा कोरडा गेला होता. रात्री बसलो, सौभाग्यवतींनी दोनदा दिवा मालवायला सांगितला, पण मूठ उघडली की भुगाच. सकाळी फळ्यासमोर उभा राहिलो. पुठ्ठा नव्हता, आणि कोरा फळा ठेवायचा नाही असे तात्यांना कबूल केले होते. म्हणून होते तेच लिहिले, ‘या आठवड्यात काही सुचले नाही. पुढच्या बाजाराला पाहू.’

तात्या आले. वाचले. पुन्हा वाचले. मी काउंटरवरून बघत होतो.

“आज बरा हाय,” तात्या म्हणाले, आणि पाराकडे निघाले.